हरकती व सूचना पाठवल्या, पुढे त्यांचं काय होतं? (निमित्त: पश्चिम घाटाचा मसुदा)

तेरेखोलकाठ

मंडळी, हा प्रश्न गेले बरेच महिने डोक्यात आहे. जाणकारांनी मदत करावी.

३१ जुलै २०२४ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना काढली. आदल्याच पहाटे वायनाडात दरडी कोसळून शेकडो माणसं गेली होती. हा सहावा मसुदा. पहिला २०१४ चा, मग २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि हा. दर वेळी हरकती मागवायच्या, ठरलेल्या मुदतीत अंतिम अधिसूचना निघत नाही, मसुदा बाद होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सहा राज्यांतलं मिळून ५६,८२५.७ चौ. किमी क्षेत्र, त्यातलं महाराष्ट्राचं १७,३४० आणि गोव्याचं १,४६१. हरकती व सूचनांसाठी ६० दिवस.

माझं माहेर सिंधुदुर्गात, घाटाच्या पायथ्याशी. गणपतीला गेले तेव्हा मुदत संपायला दोन-तीन आठवडे उरले होते. गावात कोणीही मसुदा वाचलेला नव्हता, पण मत मात्र प्रत्येकाचं ठाम होतं. आरती झाल्यावर ओटीवर बसून मी मोबाइलवर राजपत्र उघडलं. इंग्रजी भाग वाचायचा आणि मराठीत सांगायचा, असं रात्री साडेदहापर्यंत चाललं. आधी गावाचं नाव यादीत शोधायला अर्धा तास गेला, कारण इंग्रजी स्पेलिंग असं केलंय की आमच्या पोस्टमनलाही ओळखता येऊ नये. शेजारचे आबा म्हणाले, "माका माझा जुना घर दुरुस्त करूक गावतला काय, तेवढा सांग." मसुद्यात आहे ते सांगितलं. बंदी खाणींना, दगडखाणींना आणि वाळूउपशाला, नव्या औष्णिक वीज प्रकल्पांना, लाल गटातल्या (म्हणजे सर्वांत जास्त प्रदूषण करणाऱ्या) नव्या उद्योगांना आणि २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना. आहे त्या घराची दुरुस्ती आणि मालकी हक्क यांना हात लावलेला नाही. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मगे ह्या आमका आधी कोणी सांगूक नाय तो?"

त्या रात्री आम्ही अकरा जणांनी मिळून मराठीत एक पत्र लिहिलं. आमचा विरोध नव्हता. तीन मुद्दे होते: एका वाडीची हद्द चुकली आहे, जुन्या चिरेखाणीच्या खड्ड्याचं पुढे काय करणार ते लिहिलेलं नाही, आणि काजूप्रक्रियेचे छोटे कारखाने कुठल्या गटात येतात ते स्पष्ट करा. पत्र ईमेलने पाठवलं, रजिस्टर पोस्टानेही पाठवलं.

पोस्टाची पोचपावती आली. मंत्रालयाकडून आजवर एक ओळ नाही. पत्र कोणी वाचलं का, मराठी वाचता येणारं तिथे कोणी आहे का, वाडीची हद्द नकाशावर कोणी तपासली का, काहीच कळायला मार्ग नाही. माझा प्रश्न एवढाच आहे: हरकत घेतल्यावर आत काय होतं? आणि ते आपल्याला बघायला मिळावं म्हणून काय करता येईल?

मोहोर

फार महत्त्वाचा धागा. आमच्या आंबेगाव भागातही हेच. वाचते आहे.

दप्तरबंद

ताई, आत काय होतं ते थोडं सांगू शकतो. दिल्लीत एका केंद्रीय मंत्रालयात (तुमच्या नव्हे) कक्ष अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. दोन मसुद्यांवरच्या हरकतींचं काम माझ्या टेबलावर झालं.

पोस्टाने आलेलं पत्र आवक नोंदवहीत चढतं, त्याला डायरी क्रमांक पडतो. ईमेलला तसा क्रमांक पडेलच असं नाही, आमच्याकडे तरी पडत नसे. मग एक तक्ता बनतो. पहिल्या रकान्यात मसुद्याचं कलम, दुसऱ्यात हरकत थोडक्यात, तिसऱ्यात कोणाकडून आली, चौथ्यात विभागाचा अभिप्राय. चौथ्या रकान्यात चारच प्रकारचे शेरे असायचे: मान्य, अंशतः मान्य, अमान्य, आणि 'मसुद्याच्या कक्षेबाहेर'. हा तक्ता टिपणीला जोडून वर जातो. वरिष्ठ शक्यतो तक्ताच वाचतात, मूळ पत्रं नाहीत. म्हणजे तुमच्या अकरा जणांच्या पत्राचं भवितव्य, ते दोन ओळींत उतरवणाऱ्या माणसाच्या हातात असतं.

एकदा ओरियातून आलेलं चार पानी पत्र माझ्यासमोर आलं. कक्षात कोणालाच ओरिया येत नव्हतं. दुसऱ्या विभागातल्या एका सहकाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत बोलावलं, त्याने डबा बाजूला ठेवून वाचून दाखवलं आणि मी हिंदीत उतरवून घेतलं. मुद्दा इतका नेमका होता की तो मान्य झाला. तो सहकारी त्या दिवशी रजेवर असता तर? अनुवादाची काही व्यवस्थाच नव्हती. ही गोष्ट मला आजही बोचते.

तो तक्ता आम्ही एवढ्या मेहनतीने करायचो, पण बाहेर कधी गेला नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. नवीन काही निर्माण करायची गरज नाही. कागद तयार असतो, तो संकेतस्थळावर चढवायचा.

पाणवठा

दप्तरबंद यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा.

कायद्याच्या अंगाने थोडी भर. संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या नियम ५ खाली निघते. त्यात कोणाही व्यक्तीला ६० दिवसांत हरकत घेता येते आणि सरकारने त्या हरकतींचा विचार करायचा आहे. म्हणजे विचार करणं बंधनकारक. विचार केला हे दाखवणं मात्र नियमात लिहिलेलं नाही. सगळी अडचण या फटीत आहे.

संसदेत जाणाऱ्या विधेयकांसाठी २०१४ मध्ये केंद्राने विधानपूर्व विचारविनिमयाचं धोरण ठरवलं. मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यायचं, पर्यावरण, मूलभूत हक्क आणि उपजीविका यांवर काय परिणाम होईल ते सांगायचं, आणि आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकायचा. वाचायला फार चांगलं आहे. पण ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे पाळलं नाही तर विधेयक अडत नाही.

घाटवाट

थोडा वेगळा सूर लावतो, गैरसमज नसावा.

धागाकर्तीचं पत्र मनापासून लिहिलेलं आहे, पण सगळीच पत्रं तशी नसतात. आमच्या तालुक्यात छापील अर्जांचे गठ्ठे फिरले. मजकूर एकच, खाली नाव आणि सही. माझ्या काकांनी सही केली. विचारलं तर म्हणाले, शेती बंद होणार आहे असं सांगितलं. मसुद्यात तसं काही नाही हे त्यांना आजही पटत नाही. असे हजारो अर्ज दिल्लीला गेले असणार. मंत्रालयाने ते मोजायचे का? मोजले तर घाटाचा निकाल लागला. नाही मोजले तर 'जनतेचा आवाज दाबला' असं म्हणणार. सरकारी यंत्रणेने करायचं तरी काय?

आणि ऑनलाइन झाल्यापासून हे आणखी वाढलं आहे. एक बटण दाबलं की तयार ईमेल जातो.

पाणवठा

@घाटवाट, रास्त शंका आहे. याचं उत्तर आपल्याच देशात एकदा नीट दिलं गेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मार्च २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, इंटरनेटवरच्या सेवांबद्दल सल्लामसलत पत्र काढलं. ११८ पानं, २० प्रश्न. कोणी वाचणार नाही असं वाटत असताना काही तरुणांनी ते सोपं करून मांडलं, तयार उत्तरं दिली आणि दहा लाखांवर ईमेल गेले. ट्रायने ते सगळे संकेतस्थळावर टाकले. हेतू चांगला होता, पण पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्तेही तसेच उघडे राहिले. त्यात माझाही होता, नंतर कित्येक महिने नको त्या जाहिरातींनी डबा भरत होता.

त्याच वर्षाच्या शेवटी दुसरं पत्र आलं, वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगळा दर आकारावा का यावर. तेव्हा फेसबुकने आपल्या 'फ्री बेसिक्स' योजनेसाठी (ठरावीक संकेतस्थळं मोफत देण्याची योजना) वापरकर्त्यांना लाखो एकसारखे संदेश पाठवायला लावले. ट्रायने काय केलं? हे संदेश आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत नाहीत, असं सांगितलं आणि त्या लोकांना प्रश्नांवर मत द्यायला पुन्हा वाव दिला. खुली चर्चा घेतली. मग ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावी दरांना बंदी घालणारं विनियमन काढलं आणि सोबत स्पष्टीकरणात्मक टिपण जोडलं: या बाजूने हे युक्तिवाद आले, त्या बाजूने ते, आम्ही हा निर्णय या कारणांसाठी घेतला. संख्या फ्री बेसिक्सच्या बाजूने मोठी होती, तरी निर्णय विरुद्ध गेला, आणि का गेला ते कोणालाही वाचता येतं.

ट्राय हे करते कारण १९९७ च्या ट्राय कायद्याच्या कलम ११(४) मध्ये कामकाजात पारदर्शकता राखण्याचं बंधन आहे. पर्यावरण मंत्रालयावर असं थेट बंधन घातलं तर तुमच्या काकांची सही आणि धागाकर्तीच्या वाडीची हद्द, दोन्हींना योग्य ती जागा मिळेल. काकांच्या भीतीला एक परिच्छेद उत्तर, वाडीच्या हद्दीला नकाशातली दुरुस्ती.

घाटवाट

हे माहीत नव्हतं. काकांना एक परिच्छेद उत्तर मिळालं असतं तर खरंच फरक पडला असता. मत बदललं म्हणत नाही, पण मुद्दा पटला.

सांगेकर

गोव्यातून लिहितो. भाषेच्या मुद्द्यावर आणखी बोलायला हवं.

२०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदी लागत होती तेव्हाच, पर्यावरण आघात मूल्यांकनाचा (ईआयए) नवा मसुदा आला. आधी काम सुरू करून मागाहून मंजुरी घेण्याची वाट त्यात होती आणि जनसुनावणीसाठीची मुदत ३० दिवसांवरून २० वर आणली होती. आमच्या भागातल्या खाणींचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पण मसुदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत. ग्रामसभा बंद, पंचायत बंद, छापायला दुकान उघडं नाही. आम्ही चार जणांनी वाटून घेऊन मराठी आणि कोंकणीत सारांश केला आणि व्हॉट्सॲपवर आवाजात रेकॉर्ड करून पाठवला, कारण वाचण्यापेक्षा ऐकणारे जास्त.

३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत आणायला सांगितलं. केंद्र त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणणं असं की राजभाषा कायद्याप्रमाणे हिंदी आणि इंग्रजीच पुरेशा. तरीही १७ लाखांच्या आसपास हरकती गेल्या. तो मसुदा अंतिम झाला नाही. पण त्यातल्या बऱ्याच तरतुदी पुढे सुट्या सुट्या कार्यालयीन आदेशांनी आल्या, ज्यांवर कोणी हरकती मागवल्याच नाहीत. त्यामुळे मसुदा मागे पडला म्हणून फटाके वाजवणाऱ्यांत मी नव्हतो.

दप्तरबंद काकांनी सांगितलेला तो ओरिया पत्राचा प्रसंग वाचून पोटात कालवलं.

मोहोर

मला एक सांगा, महापालिकेत असं नाही ना? आमच्या पुण्यातल्या घराच्या बाजूला विकास आराखड्यात रस्ता दाखवला होता. हरकत दिली तर सुनावणीचं रीतसर पत्र आलं. तारीख, वेळ, खोली क्रमांक. सासरे नकाशा घेऊन गेले, समितीपुढे दहा मिनिटं बोलले. रस्ता काही हलला नाही, पण ते परत आले तेव्हा चेहरा समाधानी होता. म्हणाले, ऐकून तरी घेतलं.

दप्तरबंद

@मोहोर, अगदी बरोबर. ते महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मुळे. आराखड्यावर हरकत घेणाऱ्याला नियोजन समितीपुढे म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. म्हणून 'हरकती व सूचना' हे शब्द आपल्या लोकांना एवढे सवयीचे आहेत. शहरातल्या एका रस्त्यासाठी हा हक्क आहे आणि सहा राज्यांतल्या डोंगररांगेसाठी नाही, हे मला नोकरीत असतानाही चमत्कारिक वाटायचं.

दूरस्थ

इथे अमेरिकेत सरकारी खात्यांच्या नियमांसाठी १९४६ पासून कायदा आहे. मसुदा प्रसिद्ध करायचा, अभिप्राय घ्यायचे, ते सहसा एका संकेतस्थळावर सर्वांना दिसतात, आणि अंतिम नियमासोबत महत्त्वाच्या आक्षेपांना उत्तर द्यायचं. उत्तर दिलं नाही तर न्यायालय नियम रद्द करू शकतं. माझ्या कामाच्या क्षेत्रातले नियम वाचताना अर्धी पानं 'अभिप्राय' आणि 'उत्तर' अशा जोड्यांचीच असतात.

पण याचा गैरवापरही झाला आहे. २०१७ मध्ये इंटरनेट समानतेच्या नियमांवर २.२ कोटी अभिप्राय आले. पुढे न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत त्यातले जवळपास १.८ कोटी खोटे निघाले, लोकांची नावं परस्पर वापरलेली. अभिप्राय उघड होते म्हणूनच ते सापडलं.

पाणवठा

@दूरस्थ, शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे वारं उलट दिशेने वाहतंय.

जानेवारी २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा आला. अभिप्राय मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावर द्यायचे होते. सूचनेत लिहिलं होतं की आलेले अभिप्राय विश्वासाश्रित नात्याने (म्हणजे विश्वासाने सोपवलेली माहिती म्हणून) ठेवले जातील आणि कोणालाही उघड केले जाणार नाहीत, लोकांनी मोकळेपणाने मत द्यावं म्हणून. एखाद्या सामान्य माणसाचं नाव, पत्ता झाकावा, माझी तक्रार नाही, २०१५ चा अनुभव मीच सांगितला. पण मोठ्या कंपनीने किंवा उद्योगसंघटनेने कोणतं कलम सौम्य करायला सांगितलं, हे मला का कळू नये? नाव झाकणं आणि म्हणणं झाकणं यांत फार अंतर आहे.

आणि याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम, बदललं. आधी तिथे तारतम्य होतं. वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल तर ती मिळायची. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं परंतुक होतं. आता फक्त 'वैयक्तिक माहिती' एवढाच अपवाद उरला. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद शिल्लक आहे, अर्ज करताना तिचाच आधार घ्यावा लागेल. माहिती अधिकाराला कात्री लावणाऱ्या कायद्यावर कोणी काय म्हटलं, तेच बघायला मिळत नाही, हे मला अतिशय दुःखद वाटतं.

तेरेखोलकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं हाती लागेल असं वाटलं नव्हतं.

पश्चिम घाटाच्याच बाबतीतली एक गोष्ट मला आईच्या जुन्या कात्रणांत सापडली. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी केंद्राने नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये दिला, पण मंत्रालयाने तो प्रसिद्धच केला नाही. केरळातल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात मागितला, नकार मिळाला, प्रकरण केंद्रीय माहिती आयोगात गेलं. एप्रिल २०१२ मध्ये आयुक्त शैलेश गांधी यांनी अहवाल द्यायचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथेही हरलं, आणि मे २०१२ मध्ये अहवाल संकेतस्थळावर आला. म्हणजे ज्या अहवालावर पुढची बारा वर्षं आपण भांडतोय तो एका माणसाच्या अर्जामुळे लोकांना वाचायला मिळाला. आईने त्या कात्रणाच्या कडेला तारीख लिहून ठेवली आहे.

म्हणून मीही अर्ज करायचं ठरवलं आहे. केंद्राच्या माहिती अधिकार संकेतस्थळावर, १० रुपये शुल्क, मजकूर ३,००० अक्षरांत बसवायचा आहे. कच्चा मसुदा खाली देते, सुधारणा सुचवा:

"पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या दि. ३१ जुलै २०२४ च्या मसुदा अधिसूचनेसंबंधी: (१) ६० दिवसांत आलेल्या हरकती व सूचनांची संख्या, राज्यनिहाय व भाषानिहाय. (२) हिंदी व इंग्रजीखेरीज अन्य भाषांतल्या हरकतींच्या अनुवादासाठी काढलेले आदेश वा परिपत्रकं यांच्या प्रती. (३) सर्व हरकतींवर मंत्रालयाने काय विचार केला याची माहिती."

दप्तरबंद

तिसरा मुद्दा बदला. 'काय विचार केला' असं विचारलंत की माहिती अधिकारी लिहितील, मत देणं आमच्या कक्षेत नाही. कागद मागा. असं लिहा: "हरकतींचा कलमनिहाय गोषवारा व त्यावरील विभागाचे अभिप्राय दर्शवणारा तक्ता, तसेच या अधिसूचनेच्या संदर्भात २०२२ मध्ये नेमलेल्या समितीपुढे ठेवलेल्या हरकतींची यादी, यांच्या प्रती. व्यक्तींची नावे व पत्ते वगळले तरी चालतील."

शेवटचं वाक्य ठेवाच, वैयक्तिक माहितीचं कारण पुढे करता येणार नाही. आणि चौथा मुद्दा घाला: तुमच्या रजिस्टर पोस्टाच्या पावतीचा क्रमांक व तारीख देऊन, त्या पत्राचा डायरी क्रमांक काय आणि ते सध्या कोणत्या नस्तीत (फाइलमध्ये) आहे. पोचपावती हातात आहे ना? मग पत्र मिळालंच नाही असं त्यांना म्हणता येत नाही.

पाणवठा

माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(ग) आणि (घ) चा उल्लेख करा. महत्त्वाची धोरणं आखताना सगळी संबंधित वस्तुस्थिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आणि बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणं द्यायची, असं तिथे आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला शुल्क नाही. नकारात 'विश्वासाश्रित' शब्द आला तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. २०१५ च्या रिझर्व्ह बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कारण नाकारलं होतं, त्याचा दाखला अपिलात घालू.

सांगेकर

गोव्यातल्या १,४६१ चौ. किमीसाठी हाच अर्ज आमच्या गावातून करतो. मजकूर वापरला तर चालेल ना?

तेरेखोलकाठ

@सांगेकर, जरूर वापरा, पण पत्राचा क्रमांक तुमचा घाला, नाहीतर घाटवाट म्हणतात तसा गठ्ठा होईल.

दप्तरबंद काका, दोन्ही दुरुस्त्या केल्या. पोचपावती आईकडे होती, देवघराच्या खणात गाडगीळ अहवालाच्या कात्रणासोबत. भावाने फोटो काढून पाठवला, त्यावर मंत्रालयाचा गोल शिक्का नीट वाचता येतो. आत्ताच अर्ज दाखल केला, नोंदणी क्रमांक आला आहे. आबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "उत्तर मराठीत इला तर माका वाचून दाखय."